गुलाबी रिबनचा मूळ रंग

ऑक्टोबर लागला की ऑफिसच्या लॉबीत गुलाबी फुगे लागतात, एचआरची गुलाबी मेल येते, कँटीनमध्ये गुलाबी आयसिंगचा केक कापला जातो. आपण रिबन टाचून फोटो काढतो आणि जागेवर जाऊन बसतो. यंदा सहज डोक्यात आलं, गुलाबीच का बुवा? शनिवारची अख्खी सकाळ या एका प्रश्नात गेली. जे सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

गोष्ट १९७४ पासून सुरू करू. तोवर अमेरिकेतसुद्धा स्तनाचा कर्करोग हा दबक्या आवाजात बोलायचा विषय होता. त्या वर्षी २८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. नवरा व्हाइट हाउसमध्ये येऊन दोन महिनेही झाले नव्हते. "किरकोळ शस्त्रक्रिया" असं मोघम काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण त्यांनी आजाराचं नाव जाहीर केलं. मग काय, देशभर बायका तपासणीला जाऊ लागल्या आणि रुग्णांचा आकडा एकदम वर चढला. रोग वाढला नव्हता, आधीपासून असलेला आता दिसायला लागला होता. तेव्हा ना महिना होता, ना रिबन. एका बाईने लाज बाजूला ठेवली, एवढंच.

महिना आला १९८५ मध्ये. अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीचा औषध विभाग यांनी मिळून ऑक्टोबरातली मोहीम सुरू केली. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे औषध याच कंपनीचं. (हाच विभाग पुढे झेनेका झाला आणि १९९९ मध्ये ॲस्ट्राझेनेका.) यात लगेच कटबिट शोधायला नको, टॅमॉक्सिफेनने खरोखर जीव वाचवलेत. पण मोहिमेचा सगळा भर मॅमोग्राफी करून घ्या, रोग लवकर पकडा, यावर राहिला. रोग मुळात होतो कशामुळे, हा प्रश्न मागच्या बाकावर.

तो प्रश्न विचारला शार्लट हेली नावाच्या आजींनी. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, अडुसष्ट वर्षांच्या. त्यांच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला, तिघींनाही हा आजार झालेला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या जेवणाच्या टेबलावर बसून हाताने रिबनी बनवायच्या. रंग पीच, म्हणजे फिकट नारिंगी. सोबत एक कार्ड: राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या बजेटमधले फक्त पाच टक्के रोग टाळण्याच्या कामावर खर्च होतात, लोकप्रतिनिधींना जागं करायला ही रिबन लावा. किराणा दुकानापासून ओळखीपाळखीच्या बायकांपर्यंत त्या हे वाटत होत्या.

१९९२ मध्ये 'सेल्फ' मासिक आणि एस्टी लॉडर ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी यांनाही एक रिबन हवी होती. मासिकाने हेलीआजींना विचारलं. आजींनी साफ नाही म्हटलं, तुमचं सगळं फार धंदेवाईक आहे म्हणाल्या. मासिकाने वकिलांना विचारलं. वकिलांनी तोडगा काढला: रंग बदला. पीचचं झालं गुलाबी! त्या हंगामात एस्टी लॉडरच्या काउंटरवरून पंधरा लाख गुलाबी रिबनी वाटल्या गेल्या. रिबन राहिली, कार्ड गळून पडलं. आता कळलं ना, आपल्या शर्टाला टाचलेल्या रिबनवर कुठलीच मागणी का नसते?

मग जागृती म्हणजे नुसता देखावा का? तर नाही. याचं उत्तर मला मुंबईतच सापडलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक चाचणी सुरू केली. मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. निम्म्या वस्त्यांमध्ये कॅन्सरची फक्त माहिती दिली. उरलेल्या वस्त्यांमध्ये माहितीबरोबर दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. मॅमोग्राफीचं महागडं यंत्र नाही, फक्त शिकलेला हात.

वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये 'बीएमजे'मध्ये छापून आला. नुसत्या माहितीच्या गटात रोग सापडला तेव्हा ४७ टक्के बायका तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचलेल्या होत्या, तपासणीच्या गटात ३७ टक्के. सगळ्या वयांचे मृत्यू एकत्र धरले तर १५ टक्क्यांची घट दिसली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती ठामपणे टिकली नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांचं वेगळं गणित मांडलं तेव्हा मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आत तसा फरक नव्हता.

आमच्या धंद्यात बग आहे हे कळणं आणि तो बंद होणं यात फरक असतो. इथेही तसंच. माहिती दोन्हीकडे होती. फरक पाडला तो वस्तीत येऊन तपासणाऱ्या बाईने.

आपल्यापैकी बहुतेकांच्या आया आता पन्नाशीच्या पुढे-मागे आहेत. त्या गुडघ्यांबद्दल बोलतील, शुगरबद्दल बोलतील, याबद्दल स्वतःहून बोलणार नाहीत. तेव्हा या ऑक्टोबरात केक खाऊन झाला की घरी एक फोन करा. "आई, शेवटचं कधी तपासून घेतलंस?" थोडं अवघडल्यासारखं होईल. बेटीबाईंनाही झालंच असेल.