डिझेलच्या गाळणीचा पूर्वेतिहास

अंबरनाथ तालुक्यातील मौजे पालेगावाच्या आसमंतात मालमोटारींची जी वर्दळ आज दिसते, तिचे मूळ औद्योगिक वसाहतीच्या विस्तारात असले, तरी ती निर्वेध चालण्यास डिझेलमधील मळ व पाणी वेगळे काढणारी गाळणी हे अप्रसिद्ध साधन मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली सिद्ध झाले, तेव्हा इंधन दाबलेल्या हवेने फवारले जाई. पुढे १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधन फवारणारे पंप कारखान्यातून नियमित निघू लागले आणि त्यांच्या अतिसूक्ष्म फटींमुळे धुळीचा कण व पाण्याचा थेंब दोन्ही यंत्राचे वैरी ठरले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, १९५४ पासून टेल्को कंपनीच्या मालमोटारी रस्त्यावर आल्या, आणि गाळणीची देखभाल हा गॅरेजांचा नित्य दस्तूर बनला.

कोकणपट्टीच्या दमट हवेत अर्धवट रिकाम्या टाकीत बाष्प साचून त्याचे पाणी होते. पाणी डिझेलहून जड असल्यामुळे ते तळाशी बसते, म्हणून पाणी विलग करणारे पात्र टाकी व पंप यांच्या दरम्यान, तळाची तोटी सहज उघडता येईल अशा जागी बसविण्याची तजवीज करावी लागते. निवड करताना पात्राची प्रवाहक्षमता इंजिनाच्या गरजेहून उणी नसावी, बसविताना त्याच्या रबरी कड्यास स्वच्छ डिझेल लावावे आणि शेवटी हातपंपाने इंधनमार्गातील हवा काढावी.

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे भारत स्टेज सहाचे मानक लागू झाले. त्या मानकाच्या कॉमन रेल, म्हणजे सामाईक नळीतून इंधन पुरविणाऱ्या, इंजिनांतील प्रचंड दाबामुळे या जुन्या दस्तुरात कसूर करणे अधिकच महाग पडते.