वृद्धी व हॉर्मोने
प्राण्यांच्या पिलांची वाढ अंतःस्रावी ग्रंथींच्या स्रावांवर अवलंबून असते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगांनी सिद्ध झाले. १९१२ मध्ये गुडरनाच यांनी भैकेरांना अवटू ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांची वाढ खुंटून त्यांचे अकालीच चिमुकल्या बेडकांत रूपांतर झाले. १९२१ मध्ये एव्हान्झ व लाँग यांनी गाईच्या पोष ग्रंथीचा अर्क टोचलेले उंदीर महाकाय झाले.

गर्भाच्या वाढीत मात्र पोष ग्रंथीपेक्षा इन्शुलीन व त्यासारखे वृद्धिघटक अधिक महत्त्वाचे असतात. या दृष्टीने पुण्यातील संशोधन उल्लेखनीय आहे. के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींची पाहणी केली. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ., म्हणजे इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांपेक्षा सु. ८०० ग्रॅ. कमी भरले. त्यांचे स्नायू कृश होते. त्वचेखालील मेद मात्र बराचसा टिकून होता. पुण्यातील अर्भकांच्या नाळेच्या रक्तात वजनाच्या मानाने इन्शुलीन जास्त असते, असेही २००२ मध्ये दिसून आले. त्यामुळे केवळ वजनावरून वाढ मापणे अपुरे ठरले आणि मधुमेहाची मुळे गर्भावस्थेपर्यंत जातात, या मताला बळकटी आली.