बिनतारी यंत्रांची गाठभेट

सावंगी (मेघे) इथल्या एखाद्या शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. गुरुजी मोबाइल स्पीकरला जोडताहेत, पोरं ताटकळली आहेत, अन् दिवा नुसता लुकलुकतो आहे! हातभर अंतराला एवढा वेळ का?

२३ जुलै १९२७ रोजी आपल्याकडून विलायतेशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश खडकीहून जात, दौंडला येत. लहरी आधीच ठरलेल्या, शोधाशोध नाही. पुढे १९४२ साली हेडी लमार ही नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी अमेरिकेत एका युक्तीचे पेटंट घेतले. टॉर्पेडोला दिलेले बिनतारी हुकूम शत्रूने बिघडवू नयेत म्हणून दोन्हीकडची लहर एकदमच बदलत राहायची. लहरी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या! आरमाराने ती तेव्हा बासनात गुंडाळली.

स्पीकरमधले ब्लूटूथ तसेच उड्या मारते: ७९ लहरी, सेकंदाला १६०० उड्या. पण अनोळखी यंत्राला उड्यांचा क्रम कसा कळावा? म्हणून एक यंत्र ३२ लहरींवर हाका मारत फिरते; दुसरे अधूनमधून, त्यांतल्या एकीवरच कान देते. हाक आणि कान एका लहरीवर गाठ पडेतो कधी दहा सेकंदही जातात. मग घड्याळे जुळवायची, गुप्त किल्ली ठरवायची. अशात गुरुजींनी घाईने बटण पुन्हा दाबले, की हाका पहिल्यापासून!