रशियन ‘मी’, मराठी ‘आम्ही’

भिलाईच्या टाउनशिपमध्ये पत्ता म्हणजे आकडे. सेक्टर 6, सडक 12, क्वार्टर 3-अ. एवढ्यावर पाहुणा बरोबर दारात येतो. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला, 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन इंजिनिअर राहून गेले, दोस्तीची खूण म्हणून मैत्रीबाग झाली. त्याच देशातल्या एका इंजिनिअरचं पुस्तक मात्र या दोस्तीतून इकडे येणं शक्यच नव्हतं.

येवगेनी झाम्यातिन हा जहाजं बांधणारा माणूस. झारच्या राज्यात तुरुंगात गेला आणि क्रांतीनंतर, 1922 मध्ये, पुन्हा त्याच तुरुंगात. 1920-21 मध्ये त्यानं लिहिलेल्या कादंबरीचं रशियन नाव मराठी कानाला जवळजवळ ‘मी’ असं ऐकू येतं. अर्थ आहे ‘आम्ही’! आख्खी कादंबरी या दोन शब्दांच्या झटापटीची आहे. माणसांना नावं नाहीत, नायक डी-503. घरांच्या भिंती काचेच्या. प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, सगळ्यांनी एकाच तालात. आणि शेवटी राज्यसत्ता शस्त्रक्रिया करून माणसाची कल्पनाशक्तीच काढून टाकते.

क्वार्टरला नंबर आहे म्हणून भिलाई झाम्यातिनचं शहर होत नाही. इथल्या भिंती विटांच्या आहेत, आत काय बोलायचं ते घरातली माणसं ठरवतात. हे ठरवणं हातून गेलं की काय होतं, तेच त्यानं दाखवलं.

अशा दुःस्वप्नासारख्या समाजासाठीचा ‘डिस्टोपिया’ हा शब्द या कादंबरीहून जुना. ईस्ट इंडिया कंपनीत पस्तीस वर्षं नोकरी केलेले जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1868 मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयक धोरणावर बोलताना तो वापरला. पण साहित्यात त्याचं घराणं सुरू केलं झाम्यातिननं. बिहारात मोतिहारीला जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलनं 1946 मध्ये या कादंबरीवर लिहिलं. तीन वर्षांनी त्याची ‘1984’ आली.

आपल्याकडे आणीबाणीत, 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. भर सभेत ‘मी’ म्हणायला लागते ती छाती हीच.

झाम्यातिननं 1931 मध्ये स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मिळवली. 1937 मध्ये तो पॅरिसला वारला. त्याची कादंबरी त्याच्या मायदेशात छापून आली 1988 मध्ये.