वाकड्या दातांची सरळ गोष्ट

वर्गात एखादा मुलगा तोंडावर हात धरून उत्तर देतो. उत्तर त्याला येत असते. पण दात पुढे आलेले असतात आणि सोबती ‘दातऱ्या’ म्हणून चिडवतात. घरची माणसे म्हणतात, “देवाने दिले तसे दात, त्याला कोण काय करणार?” पण वाकडा दात सरळ करता येतो, हे माणसाला फार पूर्वीच उमगले होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाचा ग्रंथकार होऊन गेला. दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात उगवला, तर दुधाचा काढावा आणि नवा दात जागेवर येईपर्यंत रोज बोटाने ढकलावा, असे त्याने लिहून ठेवले. उपाय घरगुती, पण त्यातले मर्म खरे. दात म्हणजे काही भिंतीत ठोकलेली खुंटी नव्हे. बेताचा जोर सतत लावला तर तो सरकतो.

पुढे १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशार या दंतवैद्याने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. सोन्याची किंवा चांदीची पट्टी दातांना लावायची आणि वाकडे दात दोऱ्याने तिला बांधायचे, अशी त्याची युक्ती होती. आजच्या तारांची ही पणजीच म्हणा ना!

या विद्येला शिस्त लावली ती अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, यावरून त्यांनी १८९९ साली दोषांचे तीन वर्ग पाडले. १९०० साली सेंट लुईस येथे या विषयाची शाळा काढली आणि १९२८ साली चौकोनी तार धरणारी खाच जगापुढे मांडली. मधल्या काळात, १९०४ च्या सुमारास, स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दात सरकतो कसा ते दाखवले. दाब पडतो त्या बाजूचे हाड झिजते आणि ताण बसतो त्या बाजूला नवे भरते. म्हणून या कामाला वेळ लागतो. घाई केली तर दाताच्या मुळालाच इजा होते.

आता आपल्या घरची गोष्ट. अँगल यांनी तीन वर्ग पाडले, ते एका दाढेकडे बघून. ती दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता निमूटपणे उगवते. त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते. “किडली तर किडू दे, पडेल आणि दुसरी येईल,” असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. पण दुसरी येत नाही! ती कायमची असते. दुधाची दाढसुद्धा वेळेआधी गेली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि मागून येणाऱ्याला वाट उरत नाही.

तारा बसवायला पैसा लागतो, शहराच्या खेपा पडतात. ते सर्वांना झेपेल असे नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला उजेडात उभे करून “आ कर बाळ” म्हणायला काय लागते? शिक्षक बंधुभगिनींनो, पहिलीच्या वर्गात एवढे कराच. दाढेवर काळा डाग दिसला, तर पालकांना बोलावून सांगा. आणि ‘दातऱ्या’ ही हाक आपल्या वर्गात तरी ऐकू येऊ देऊ नका.