इटलीचा जुना द्राक्षारस आणि प्रभूचा प्याला

वाचन: प्रकटीकरण 18:11-13, योहान 19:28-30, फिलेमोन 15-16



उज्जैन म्हटले की क्षिप्रा, महाकाळ आणि शिंद्यांची जुनी राजधानी आपल्या डोळ्यांसमोर येते. पण या नगराचे नाव पहिल्या शतकातल्या एका ग्रीक पुस्तकातही आहे. 'पेरिप्लस' या नावाने ओळखले जाणारे हे लहानसे पुस्तक इजिप्तमधून हिंदुस्थानात येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. लेखकाचे नाव त्यावर नाही. तो उज्जैनला 'ओझेनी' म्हणतो आणि ही पूर्वी राजधानी होती अशी नोंद करतो. येथून अकीक दगड, मलमल आणि साधे कापड भडोच बंदरात उतरत असे. वरच्या पहाडी मुलखातली जटामांसीही याच प्रदेशातून भडोचला जाई. त्याच जातीच्या मोलाच्या सुगंधी तेलाने बेथानीच्या मरियेने प्रभूचे चरण माखले होते.

आपल्याकडून माल गेला, तसा तिकडूनही आला. भडोचला येणाऱ्या मालाची यादी या व्यापाऱ्याने दिली आहे, आणि तिच्यात पहिला मान द्राक्षारसाला आहे. अरबस्तानचा आणि लावदिकीयाचाही द्राक्षारस येई, पण पसंती इटलीच्या द्राक्षारसाला होती.

हे पुस्तक साधारण इ. स. 50 च्या आसपासचे मानले जाते. म्हणजे संत पौल गावोगावी सुवार्ता सांगत फिरत होता, त्याच काळातले. म्हणून आम्हाला वाटते, ही यादी आपण ख्रिस्ती लोकांनी नीट वाचावी.

त्या काळी इटलीत सर्वांत नावाजलेला द्राक्षारस फालेर्नो डोंगराच्या उतारावरचा होता. उताराच्या मधल्या भागात फाउस्तुस याचा मळा होता, आणि त्या मळ्यातला द्राक्षारस मालकाच्याच नावाने ओळखला जाई. फालेर्नोचा द्राक्षारस लगेच पीत नसत. मातीच्या उंच रांजणांत तो दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक मुरवीत. प्लिनी हा रोमी लेखक सांगतो की, ज्याला ज्योत लावली तर पेटतो असा हा एकच द्राक्षारस आहे. इ. स. पूर्व 121 या सालचा द्राक्षारस तर इतका गाजला की जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही, प्लिनीच्या काळात, त्याचे काही रांजण शिल्लक होते. तो आटून मधासारखा घट्ट आणि कडवट झाला होता, तरी श्रीमंतांना त्याची मोठी अपूर्वाई होती.

पण हे मळे राबवीत कोण होते? त्याच शतकातला कोलुमेला हा शेतीविषयी लिहिणारा रोमी लेखक याचे उत्तर अगदी सहज देऊन जातो. द्राक्षमळ्यांची कामे बहुतेक करून बेड्या घातलेल्या गुलामांकडून करून घेतात, असे तो म्हणतो. त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. दहा वर्षे मुरलेल्या त्या रसाच्या मागे पायात लोखंड घेऊन वेली छाटणारी माणसे होती. मळ्याच्या मालकाचे नाव रांजणाबरोबर देशोदेशी गेले. त्यांचे एकाचेही नाव उरले नाही.

इटलीचा माल पूर्वेकडे निघे तो मुख्यतः पुत्युल बंदरातून. हे बंदर आपल्याला प्रेषितांच्या कृत्यांतून माहीत आहे. रोमला नेला जाणारा बंदिवान पौल याच बंदरात उतरला, आणि तेथे त्याला बांधव भेटले (28:13-14). माल अलेक्झांड्रियाला, तेथून नाईल नदीतून वर, मग उंटांच्या पाठीवरून तांबड्या समुद्राच्या काठी आणि जुलैच्या सुमारास मोसमी वाऱ्याबरोबर भडोचला. एका रांजणात सुमारे 26 लिटर रस मावे. अशा रांजणांची खापरे आपल्या महाराष्ट्रात नेवाशाच्या उत्खननातही सापडली आहेत.

पेरिप्लसमध्ये आणखी एक यादी आहे, खास राजासाठी आणायच्या वस्तूंची. हा राजा म्हणजे नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत ज्याचे नाव येते तो नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजासाठी काय आणावे? चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी देखण्या मुली, उत्तम द्राक्षारस, तलम वस्त्रे आणि उंची सुगंधी तेले.

ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. भांडी, मुले, मुली, द्राक्षारस. व्यापाऱ्याने एका दमात सगळे लिहिले आहे. चांदी आणि द्राक्षारस यांच्या मधोमध कोणाची तरी लेकरे उभी आहेत, हे त्याच्या लक्षातही आलेले दिसत नाही.

आता प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय उघडा. तेथेही व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे. सोने, रुपे, रत्ने, मोती, तलम वस्त्रे, धूप, द्राक्षारस, तेल, मेंढरे, घोडे. आणि अगदी शेवटी, माणसे. तीच गलबते, तोच माल. परंतु पवित्र लेखक माणसांना मध्येच कोठेतरी दडवून ठेवीत नाही. तो त्यांना शेवटी आणतो, जेणेकरून वाचणारा तेथे अडखळावा, आणि ती माणसे आहेत, जिवंत जीव आहेत, याची आठवण करून देतो. बाजाराच्या यादीत आणि देवाच्या यादीत हाच फरक आहे.

प्रभू येशूच्या वाट्याला कोणता द्राक्षारस आला? फालेर्नोचा नाही. रोमी शिपाई आणि गोरगरीब पाणी घालून पीत तो आंबट, स्वस्त रस म्हणजे आंब. वधस्तंभाजवळ आंबेचे भांडे होते आणि त्यात बुडवलेला बोळा त्याच्या ओठांना लावला गेला. राजाच्या पंगतीतला प्याला त्याला मिळाला नाही. मळ्यात बेडी घालून राबणाऱ्याच्या नशिबी जे होते ते त्याने घेतले. वधस्तंभावरचे मरणही त्या काळी मुख्यतः गुलामांनाच दिले जाई. संत पेत्र आपल्याला सांगतो की, आपली सुटका सोन्यारुप्याने झालेली नाही, ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली आहे (1 पेत्र 1:18-19). ज्या जगात माणसाची किंमत नाण्यांत ठरत होती, त्या जगात हे शब्द गुलामांनीही ऐकले.

म्हणूनच पौलाला करिंथकरांवर रागवावे लागले. प्रभुभोजनाला एक जण उपाशी आणि दुसरा मस्त, हे त्याला सहन झाले नाही. फिलेमोनाला त्याने लिहिले की अनेसिम परत येत आहे, त्याला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घे. यामुळे गुलामगिरी एका दिवसात संपली नाही. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनीही पुढे अनेक शतके गुलाम बाळगले, हे आपण नाकारू नये. पण वेदीवरच्या प्याल्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या वेदीवरचा द्राक्षारस किती वर्षांचा किंवा कोणत्या घराण्याच्या मळ्यातला, हे ख्रिस्तसभा विचारत नाही. तो द्राक्षांचाच असावा आणि बिघडलेला नसावा, एवढीच अट आहे. त्यात पाण्याचा थेंब मिसळतो आणि मोठ्यालहानांसाठी एकच अर्पण होते.

मग मिस्साहून घरी गेल्यावर आपली यादी कशी असते, हे आपण पाहू या. महिन्याचा खर्च मांडताना किराणा, वीज, गॅस, दूध आणि 'बाई' असे एका ओळीत लिहून आपण मोकळे होतो. तिचे नाव काय, तिची मुलगी शाळेत जाते की तीही कोठे भांडी घासते, हे आपल्याला ठाऊक असते का? वीटभट्टीवरचा, हॉटेलात कपबशा विसळणारा मुलगा आपल्या हिशेबात माणूस म्हणून येतो, की मालाबरोबर? या आठवड्यात निदान एकाचे नाव विचारू या, आणि रविवारच्या मिस्सात ते नाव मनात घेऊन वेदीजवळ जाऊ या.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी आंब चाखलीस. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्यांची नावे तुझ्याजवळ आहेत. आमच्या हिशेबाच्या वहीत हरवलेली माणसे आम्हाला दाखव, आणि तुझ्या प्याल्यापाशी आम्हाला त्यांचे भाऊबहीण कर. आमेन.