लॉकअप शोधक (लिनक्स कर्नल)

लॉकअप शोधक ही अडकून पडलेला प्रोसेसर ओळखणारी लिनक्स कर्नलमधील यंत्रणा आहे. तिला वॉचडॉग असेही म्हणतात. सॉफ्ट लॉकअप शोधणारा कोड इंगो मोल्नार यांनी २००५ मध्ये लिहिण्यास सुरुवात केली. २०१० मध्ये डॉन झिकस यांनी हार्ड लॉकअपचा शोधही त्याच यंत्रणेत आणला.

कार्यपद्धती

कर्नलमधील एखादा कोड प्रोसेसरचा ताबा सोडत नाही व इतर कामांना संधी मिळत नाही, या स्थितीस सॉफ्ट लॉकअप म्हणतात. हार्ड लॉकअपमध्ये त्या प्रोसेसरवर सामान्य इंटरप्टही हाताळले जात नाहीत. प्रत्येक प्रोसेसरवरील टायमर साधारणतः दर ४ सेकंदांनी एक उच्च प्राधान्याचे काम सुरू करतो आणि ते काम वेळेची नोंद करते. नोंद २० सेकंद थांबली, तर सॉफ्ट लॉकअपचा संदेश छापला जातो. टायमरच थांबला आहे काय, हे रोखता न येणाऱ्या इंटरप्टद्वारे (एनएमआय) तपासले जाते. ज्या हार्डवेअरवर ही सोय नाही, तेथे शेजारचा प्रोसेसर ही पाहणी करू शकतो. ही पद्धत कर्नल ६.५ (२०२३) मध्ये आली.

संरचना

'वॉचडॉग थ्रेश' ही मुख्य मर्यादा मुळात १० सेकंद असते. हार्ड लॉकअपला ती तशीच, तर सॉफ्ट लॉकअपला दुप्पट लागू होते. ती ६० सेकंदांपर्यंत वाढवता येते. शून्य केल्यास दोन्ही तपासण्या बंद होतात. सिसकंट्रोल आज्ञेने केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो, म्हणून तो संरचना फाइलमध्येही लिहावा लागतो.

शोधक अडकलेला प्रोसेसर सोडवत नाही, तो केवळ कळवतो. पुढे काय व्हावे हे 'सॉफ्टलॉकअप पॅनिक' व 'हार्डलॉकअप पॅनिक' या पर्यायांवर ठरते. येथे एक चूक सहज होते. पॅनिक चालू केले, पण 'कर्नल पॅनिक' हे मूल्य शून्यच राहिले, तर यंत्र पुन्हा सुरू न होता थांबून राहते. भोकरसारख्या तालुक्याच्या गावी बंद खोलीत ठेवलेल्या सर्व्हरसाठी नांदेडहून तंत्रज्ञ येईपर्यंत सेवा बंद राहील. तेथे हे मूल्य, उदाहरणार्थ, १० ठेवल्यास पॅनिकनंतर १० सेकंदांनी यंत्र आपोआप सुरू होते. मात्र डिस्कवर न लिहिलेली माहिती त्यात नष्ट होते.

मर्यादा

आभासी यंत्रांत सॉफ्ट लॉकअपची खोटी सूचना मिळू शकते, कारण यजमान यंत्राने पाहुण्या यंत्राला वेळ दिला नाही तरी प्रोसेसर अडकल्यासारखा दिसतो. अशा ठिकाणी पॅनिक चालू ठेवणे जोखमीचे असते. एनएमआय वॉचडॉग प्रत्येक प्रोसेसरचा एक कार्यक्षमता-गणक अडवून ठेवतो, त्यामुळे वेगमापन करणारे तो तात्पुरता बंद करतात. डिस्कची वाट पाहत १२० सेकंद खोळंबलेले काम कळवणारी तपासणी वेगळी असून तिचा 'वॉचडॉग थ्रेश'शी संबंध नाही.